बाबांच्या हातचा घास आणि जुईचं वजन

पुण्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. घरात त्या, नवरा, दहावीतला मुलगा, 76 वर्षांचे सासरे आणि सहा वर्षांची लॅब्रेडॉर, जुई (नाव बदललं आहे). जुईचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे. सध्या तिचं वजन 41 किलो आहे आणि डॉक्टरांच्या मते ते 30 च्या आसपास असायला हवं. दुसऱ्या मजल्यावर चढेपर्यंत ती दोनदा बसते आणि झोपेतून उठली की काही पावलं लंगडते. ताईंनी मोजून डॉग फूड द्यायला सुरुवात केली, पण दीड वर्षापूर्वी सासूबाई गेल्या तेव्हापासून सासरे जुईला सकाळी चहाबरोबर मारी बिस्किटं, दोन्ही जेवणांत तूप लावलेली एकेक पोळी आणि रात्री दहीभात भरवतात. "ही घालायची, आता मी घालतो," एवढंच ते म्हणतात. सोसायटीचे वॉचमन काका ग्लुकोज बिस्किटं देतात ती वेगळीच. नवरा म्हणतो, "लॅब जाडच असतात." ताईंना वाटतं की थायरॉइडचा त्रास असावा. नाहीतर रोज संध्याकाळी टेकडीवर पाच किलोमीटर पळवून वजन उतरवावं, असंही त्यांच्या मनात आहे. पत्राच्या शेवटी त्या विचारतात : "बाबांना थांबवलं तर त्यांचं मन मोडेल आणि नाही थांबवलं तर जुईचं आयुष्य कमी होईल. मी कुणाची बाजू घ्यायची?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी पहिल्यांदा वही घेऊन हिशेब मांडला. तो आधी सांगते, कारण पुढचं बरंचसं त्यावर उभं आहे.

तुम्ही जुईला दिवसाला 350 ग्रॅम डॉग फूड देता. साध्या कोरड्या डॉग फूडमध्ये 100 ग्रॅमला साधारण 350 कॅलरी असतात, म्हणजे भांड्यातून तिच्या पोटात जातात सुमारे 1200. आता वरचं खाणं पाहू. तूप लावलेली घडीची पोळी दीडशेच्या घरात जाते, दोन झाल्या तर तीनशे. चार मारी बिस्किटांच्या शंभर. वाटीभर दहीभाताच्या दीडशे. वॉचमन काकांचा अर्धा छोटा पुडा सव्वाशेच्या आसपास. बेरीज पावणेसातशेच्या जवळ जाते. 30 किलोच्या, घरात वावरणाऱ्या, नसबंदी झालेल्या कुत्रीला वजन आहे तिथे राखायला दिवसाला साधारण 1250 ते 1450 कॅलरी लागतात. म्हणजे तिच्या भांड्यातलं अन्नच तिला जवळपास पुरतं. तुम्ही कितीही काटेकोर मोजलंत तरी वजन का हलत नाही, याचं उत्तर या पावणेसातशेत आहे. तुमचं मोजणं वाया गेलेलं नाही. मोजमाप फक्त अर्ध्या ताटाचं होत होतं.

आता थायरॉइडबद्दल. ही शंका काढून टाका असं मी म्हणणार नाही. रक्ततपासणी जरूर करून घ्या. थायरॉइड कमी पडलं की कुत्रं मंदावतं, शेपटीचे आणि अंगावरचे केस विरळ होतात, थंडी सोसवत नाही. कुशिंग नावाचा आणखी एक आजार असतो. त्यात पाणी पिणं आणि लघवी खूप वाढते, पोट लोंबतं, भूक भलतीच वाढते. खाजेसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा फिटसाठी फेनोबार्बिटोन चालू असेल तरी भूक आणि वजन दोन्ही वाढतात. हे सगळं डॉक्टरांसमोर एकदा स्पष्ट होऊ द्या. पण रिपोर्ट काहीही आला तरी वरचा हिशेब बदलत नाही. आजार निघाला तर औषध आणि आहार दोन्ही सांभाळायचं. पुष्कळ घरांत "थायरॉइड असेल" या एका वाक्यावर वर्ष निघून जातं, म्हणून तारीख आजच घ्या.

यजमानांचं "लॅब जाडच असतात" हे वाक्य पूर्ण चुकीचं नाही. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. अशा कुत्र्याला अन्नाची ओढ जास्त असते. 2024 मध्ये पुढचा अभ्यास आला. त्यात दिसलं की या कुत्र्यांचं शरीर स्वस्थ बसलेलं असताना इतरांपेक्षा सुमारे 25 टक्के कमी ऊर्जा खर्च करतं. जुईमध्ये हा बदल आहे की नाही हे आपल्याला माहीत नाही. असला तर ती खरोखरच जास्त वेळ भुकेली असते आणि तिला लागतं मात्र कमी. तेव्हा ती हावरट आहे किंवा तुमच्या शिस्तीत कमी पडली, असं कुणी म्हणू नये. पण यातून निघतं ते असं की लॅब पाळणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. "जाडच असतात" म्हणून सोडून द्यायला ही सबब चालणार नाही.

सोडून दिलं तर काय होतं, हेही यजमानांना सांगा. अमेरिकेत 48 लॅब्रेडॉर पिल्लांच्या 24 जोड्या लावून त्यांना जन्मभर पाहिलं गेलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न दिलं. निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले : भरपेट खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मी कुत्री ज्या वयापर्यंत जगली ते) 11.2 वर्षं आणि सडपातळ ठेवलेल्यांचं 13 वर्षं. सांधेदुखीची औषधंही सडपातळ कुत्र्यांना बरीच उशिरा लागली. जवळपास दोन वर्षं, ताई. आणि ती कोणत्याही महागड्या उपचारातून आलेली नाहीत.

जुईला नक्की किती चरबी आहे हे वजनकाट्याशिवायही हाताला कळतं. ही तपासणी घरातल्या प्रत्येकाने करावी, बाबांनी तर आवर्जून. आधी आपला एक हात पालथा ठेवा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या मागच्या बाजूने, बोटांच्या मुळाशी फिरवा. हाडं अलगद लागतात, वर पातळ कातडी असते. बरगड्यांवर हात फिरवल्यावर असं लागलं तर वजन ठीक. आता हात उलटा करून तळव्यावर, अंगठ्याखालच्या मांसल भागावर दाबून पाहा. बरगड्या अशा खोलवर, चाचपून शोधाव्या लागल्या तर चरबी जास्त आहे. मूठ आवळल्यावर उभी राहणारी हाडं जशी टोचतात तशा बरगड्या लागल्या तर कुत्रं रोडावलेलं आहे. मग तिला उभी करून वरून पाहा, बरगड्यांच्या मागे कंबर आत जायला हवी. बाजूने पाहिलं तर पोटाची रेघ मागच्या पायांकडे वर चढायला हवी. डॉक्टर यालाच 9 पैकी गुण देतात. 4 किंवा 5 म्हणजे उत्तम. जुई 8-9 च्या घरात असणार.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. "मी कुणाची बाजू घ्यायची?" ताई, मला या प्रश्नाचीच मांडणी पटत नाही. तुम्ही असं धरून चालला आहात की बाबांचं सुख घासात आहे आणि तो घास जुईला मारक आहे, म्हणून दोघांपैकी एकाचं नुकसान होणारच. जरा थांबून पाहा, बाबा नक्की काय करताहेत? त्यांच्या पिढीत जेवायला बसल्यावर ताटाबाहेर घास काढून ठेवायची, गायीला-कुत्र्याला पहिली पोळी द्यायची रीत होती. सासूबाईंनी ती रीत जुईपाशी आणली असावी. त्या गेल्यावर त्यांचं एक काम बाबांनी आपल्याकडे घेतलं. दिवसातून चारदा कुणीतरी आपली वाट पाहतं, आपल्या हाताकडे बघतं, ही त्यांची गरज आहे. तूप आणि पोळी ही त्या गरजेची आजची वस्तू आहे, आणि वस्तू बदलता येते.

म्हणून माझा सल्ला असा : बाबांकडून जुईचं खाणं काढून घेऊ नका. उलट सगळंच त्यांच्याकडे द्या.

म्हणजे काय ते सांगते. आजपासून जुईच्या खाण्याचं खातं बाबांचं. तुम्ही मोजायचं, त्यांनी घालायचं, ही विभागणी बंद. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा त्यांच्या हातात द्या. कपाने किंवा वाटीने मोजू नका, वाटी कधी सपाट भरते तर कधी शीग लावून, आणि रोजच्या त्या फरकाने महिन्याचा हिशेब बिघडतो. सकाळी बाबांनी दिवसभराचं डॉग फूड ग्रॅममध्ये मोजून एका स्टीलच्या डब्यात काढायचं. दिवसभर जुईच्या पोटात जे जाईल ते या डब्यातूनच. त्यातलं साठेक ग्रॅम वेगळ्या छोट्या डबीत ठेवायचं, ते बाबांच्या हातचं. चहाच्या वेळी चार दाणे, जेवताना चार दाणे, रात्री चार दाणे. दहीभाताच्या वेळी काकडीचा तुकडा, गाजराची चकती, उकडलेली फरसबी किंवा वाफवलेला दुधी चालेल, मीठ, तेल, फोडणी काही न घालता. लॅबला हातातून मिळालेली काकडीही मेजवानीच वाटते. तिची नजर हाताकडे असते.

पोळी अगदीच सोडवत नसेल तर त्यालाही जागा आहे. वरचं खाणं दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवायचं, असा नियम डॉक्टर सांगतात. पुढे जुईचा आहार 900 कॅलरींवर आला तर तो हिस्सा 90 चा, म्हणजे जेमतेम एक लहान, बिनतुपाची पोळी, सगळ्या दिवसात मिळून. तिचे आठ तुकडे करून बाबांनी ते दिवसभर पुरवावेत. मग त्या दिवशी दुसरं काही नाही, आणि तेवढ्या कॅलरींचं डॉग फूड डब्यातून कमी.

हे बाबांना सांगायचं कुणी? तुम्ही नाही. सुनेने सांगितलं की ते कितीही मायेने सांगितलं तरी घरात त्याचा अर्थ वेगळा लागतो, आणि तुम्ही आधीच पुष्कळ ओढून धरलं आहे. हे यजमानांचं काम आहे. त्यांनी बाबांना घेऊन डॉक्टरांकडे जावं, जुईला काट्यावर बाबांच्या देखत उभं करावं, बरगड्यांवर बाबांचाच हात ठेवायला डॉक्टरांना सांगावं. आणि बोलताना "तुम्ही खायला घालता म्हणून" हे शब्द कुणीही उच्चारू नयेत. "बाबा, जुईचे गुडघे दुखताहेत, आपल्याला तिचे दहा किलो उतरवायचेत आणि हे तुमच्याशिवाय होणार नाही," एवढं पुरे. ते खरंही आहे. दर पंधरा दिवसांनी क्लिनिकच्या काट्यावरचं वजन बाबांनी एका वहीत लिहावं. वॉचमन काकांशीही बाबाच बोलतील, त्यांच्या वयाचा शब्द तिथे चालेल. त्यांना डबीतलेच थोडे दाणे देऊन ठेवावेत, म्हणजे त्यांचंही जुईशी नातं तुटत नाही.

बाबा ऐकतील का? कदाचित पहिल्या आठवड्यात लपवून पोळी देतील. तेव्हा रागावू नका. काट्यावरचा आकडा हलला नाही की तेच विचारतील. आणि एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. दीड वर्षानंतरही बाबा जुईखेरीज कुणाशी बोलत नसतील, त्यांचं स्वतःचं जेवण कमी झालं असेल, झोप लागत नसेल, तर त्यांना स्वतःसाठी डॉक्टर हवा. एका कुत्रीवर एवढा भार टाकणं दोघांनाही जड जाईल.

आता आहाराचे टप्पे. पहिला महिना फक्त एवढंच करा : वरचं सगळं बंद, डब्यात 350 ग्रॅम, आणि बाबांच्या डबीतले दाणे त्याच 350 मधले. 1875 वरून 1200 वर येणं ही जुईच्या शरीरासाठी मोठी उतरण आहे. एकदम आणखी खाली जाऊ नका. महिन्याने वजन पाहून डॉक्टर पुढचा आकडा ठरवतील. तो काढायची रीत अशी की हव्या असलेल्या वजनाचा 0.75 वा घात घेऊन त्याला 70 ने गुणायचं, 30 किलोसाठी उत्तर येतं सुमारे 900 कॅलरी. पण इथे एक धोका आहे. नेहमीचंच डॉग फूड कमी करत करत अडीचशे ग्रॅमच्या आसपास आणलं तर कॅलरींबरोबर प्रथिनं, जीवनसत्त्वं, खनिजंही कमी पडतात आणि चरबीऐवजी स्नायू झडतात. म्हणून त्या टप्प्यावर वजन उतरवण्यासाठी बनवलेलं, जास्त प्रथिनांचं आणि जास्त तंतूंचं डॉग फूड डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करा, आठवडाभर जुन्यात मिसळत मिसळत. पोटही भरल्यासारखं वाटतं.

किती वेगाने उतरायला हवं? आठवड्याला वजनाच्या एक टक्का धरा, म्हणजे जुईचे सुरुवातीला 400 ग्रॅम. दोन टक्क्यांपेक्षा जास्त नको. या वेगाने अकरा किलोंना सात-आठ महिने लागतील, मध्ये थबकेलही. पण तिला बरं वाटायला तेवढं थांबावं लागत नाही. सांधेदुखी असलेल्या जाड कुत्र्यांच्या अभ्यासात वजन सहा टक्क्यांच्या थोडं वर उतरलं तेव्हाच लंगडणं कमी झालेलं दिसलं. जुईच्या बाबतीत ते अडीच किलो होतात. तो फरक बाबांना जिन्यावर दिसेल.

टेकडीचा बेत मात्र आत्ता रद्द करा. अकरा किलो जास्त घेऊन, दुखऱ्या गुडघ्यांनी पाच किलोमीटर पळवलं तर गुडघ्याचा लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून धरणारा पट्टा, तुटायची भीती आहे. शिवाय वजन मुख्यतः भांड्यातून उतरतं. चालण्याने स्नायू टिकतात, सांधे मोकळे राहतात, मन रमतं. सुरुवातीला दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं सपाट रस्त्यावर, मग दर आठवड्याला थोडी वाढ. लंगडण्यासाठी डॉक्टरांनी आधी सांधे तपासून दुखण्यावर औषध दिलं तर चालणं सोपं जाईल, पण माणसांची वेदनाशामक गोळी घरातून कधीही देऊ नका. जिन्यावर पोटाखालून टॉवेलचा आधार द्या. बाबा बरोबर चालोत, पण जुईचा पट्टा तुमच्या मुलाच्या हातात असू दे. 41 किलोच्या लॅबने मांजरामागे हिसका दिला तर 76 व्या वर्षी पडणं महागात पडतं. आणि मार्च ते जून पुण्यात सकाळी सातच्या आत किंवा अंधार पडल्यावरच बाहेर. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेववली नाही तर तिचे पंजे भाजतील. जाड कुत्र्याला उष्माघात लवकर होतो. धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक होतात, लाळ चिकट होते, तोल जातो, असं दिसलं तर साध्या पाण्याने भिजवत, वारा घालत लगेच दवाखाना गाठा.

ती बघत बसेल, ताई. पहिले दोन-तीन आठवडे टेबलाशी येऊन, मान तिरकी करून बघेल. ती नजर दर वेळी पोटाची नसते. बऱ्याचदा तिला सोबत हवी असते आणि आजवर सोबतीबरोबर पोळी आली आहे. तेव्हा उठून अंग खाजवा, चेंडू घरंगळवा, किंवा जुन्या चादरीच्या घड्यांत डब्यातले दाणे लपवून तिला हुंगून शोधू द्या. वीस दाण्यांत पंधरा मिनिटं रमते. मात्र उपाशी ठेवून "एक दिवस लंघन" हा प्रकार करू नका.

ज्या घरांत डॉग फूड नाही, पोळी-दूध, वरण-भात किंवा अंडी-भातच चालतो, त्यांनी आधी तूप, दूध आणि भाताचा वाटा कमी करावा, अंडं किंवा चिकनसारखं प्रथिन टिकवावं आणि कॅल्शियमसह पूर्ण आहार पशुवैद्याकडून लिहून घ्यावा. नुसतं सगळंच अर्धं करणं बरोबर नाही. आणि सणावारी सर्वांनीच जपावं : शिऱ्यातले बेदाणे-मनुका, भाजीतला कांदा-लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेली साखरविरहित मिठाई किंवा च्युइंगम हे कुत्र्यांना विषारी आहेत. इथे प्रश्न कॅलरींचा उरत नाही.

शेवटी वजन टिकवण्याबद्दल, कारण बरीच कुत्री उतरलेलं वजन पुढे परत चढवतात. जुई 30-31 वर आली की डब्यातलं प्रमाण एकदम जुन्यावर नेऊ नका. दहा टक्के वाढवा, दोन आठवडे थांबून वजन पाहा, अजून उतरत असेल तर पुन्हा दहा टक्के. उतरणं थांबलं की तो तिचा कायमचा आकडा, आणि तो पुड्यावर छापलेल्यापेक्षा कमी असेल. त्यानंतर महिन्यातून एकदा काटा आणि एकदा बरगड्यांवर हात. किलोभर वाढ दिसली की त्याच आठवड्यात डबा थोडा हलका करायचा. बाबांच्या वहीत तो रकाना आधीच आखून ठेवा.